पोळीबरोबर लसही : दारातल्या सोबत्याविषयी आपले कर्तव्य

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी सोहळ्यात मुरुड येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी मला दोन शब्द बोलण्याची संधी दिल्याबद्दल मी विश्वस्त मंडळाचा मनःपूर्वक ऋणी आहे. मी वक्ता नाही, पंडित नाही, पशुवैद्यही नाही. बी.कॉम. झालो, वडिलांच्या कापड दुकानात गादीवर बसलो आणि मीटरपट्टी हाती घेतली, ती आजतागायत सुटलेली नाही. 'जीवदया' या विषयावर बोला, असे कार्यवाहांनी सुचविले, तेव्हा प्रथम संकोच वाटला. या विषयावर साधू-संतांनी आणि विद्वानांनी इतके सांगून ठेवले आहे की, माझ्यासारख्याने त्यात काय भर घालावी? म्हणून मी एवढा मोठा विषय आवरून एकाच जिवाविषयी बोलण्याचे ठरविले आहे. तो जीव म्हणजे आपल्या दाराशी बसणारा कुत्रा. मी त्याचे कौतुक करणार आहे आणि त्याला व आपल्याला होणाऱ्या एका भयंकर रोगाविषयीही बोलणार आहे. त्या रोगाला वैद्यकशास्त्र रेबीज म्हणते. आपण 'कुत्रे पिसाळले' असे म्हणतो.

प्रथम कौतुक. आपल्या मराठवाड्याच्या मातीत कुत्र्याशिवाय माणसाचे घर पूर्ण झाले असे कधी नव्हते. शेतातल्या आखाड्यावर तो, मेंढपाळाच्या कळपामागे तो आणि बाजारपेठेत दुकानाच्या ओट्यावरही तोच. आपला लातूर जिल्हा तर कारवान आणि पश्मी या देशी जातींच्या कुत्र्यांसाठी दूरदूर ओळखला जातो. चाकूर तालुक्यातील जानवळ हे गाव या कुत्र्यांच्या पैदाशीसाठी प्रसिद्ध आहे. लांब निमुळते तोंड, खोल छाती, आत ओढलेले पोट आणि वाऱ्यासारखी धाव असे हे देखणे जनावर. ज्याच्या कानांवर आणि पायांवर रेशमासारखे लांब केस असतात, तो पश्मी. या कुत्र्यांचे शेजारच्या कर्नाटकातील भाईबंद म्हणजे मुधोळचे कुत्रे. मुधोळ संस्थानचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी त्यांची जोपासना केली. भारतीय टपाल खात्याने ९ जानेवारी २००५ रोजी देशी कुत्र्यांवर चार तिकिटे काढली, त्यांत हिमालयन शीपडॉग, रामपूर हाउंड आणि राजापलयम यांच्या पंक्तीला मुधोळ हाउंडही बसला. आपल्याच मातीतल्या जनावराला हा मान मिळालेला पाहून कोणाला आनंद होणार नाही?

ही कुत्री पूर्वी शिकारीसाठी पाळली जात, हे मला ठाऊक आहे आणि त्या कामाचे कौतुक मी या व्यासपीठावरून करणार नाही. पण तो दोष जनावराचा नाही. धाव त्याची, इच्छा मात्र त्याच्या धन्याची.

आपल्या परंपरेनेही कुत्र्याला कमी लेखलेले नाही. जीवंधर कुमाराची कथा आपल्यापैकी अनेकांनी प्रवचनात ऐकली असेल. मार खाऊन रस्त्याच्या कडेला शेवटचे श्वास घेणाऱ्या एका कुत्र्याजवळ राजकुमार बसतो, त्याच्या कानात पंचनमस्कार मंत्र म्हणतो, आणि तो जीव पुढच्या जन्मी यक्ष होऊन आपल्या उपकारकर्त्याच्या मदतीला येतो. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात धर्माचा महिमा सांगताना कुत्र्याचेच उदाहरण घेतले आहे. धर्माने कुत्राही देवपदाला पोहोचतो आणि पापाने देवही कुत्र्याच्या योनीत येतो, असा त्याचा आशय आहे. ज्याच्या कानात णमोकार सांगावा एवढी ज्याची योग्यता, त्याच्या आरोग्याची काळजी घेणे हा आपल्या धर्माचाच भाग नव्हे काय?

बंधूंनो, आता जे सांगणार आहे ते सांगताना मला आजही लाज वाटते. परंतु स्मरणिकेत केवळ सत्कार्ये छापावीत आणि चुका झाकाव्यात, असे मला वाटत नाही. वहीत जमेबरोबर खर्चही लिहावाच लागतो.

आमच्या दुकानी मोती नावाचा कुत्रा होता. एका पावसाळ्यात भिजत आलेले पिल्लू ओट्यावर चढले आणि आमचेच झाले. गिऱ्हाइकावर तो कधी भुंकला नाही. गाठोडे घेऊन येणारा हमाल आणि अपरात्री शटरजवळ घुटमळणारा अनोळखी माणूस यांतला फरक त्याला कोणी शिकविला, देव जाणे. तीन महिन्यांचा झाल्यावर मी त्याला रेबीजची लस दिली आणि कार्ड गल्ल्याच्या खणात ठेवले. दुसऱ्या वर्षी तारीख आली तेव्हा लग्नसराई होती, म्हटले नंतर पाहू. तिसऱ्या वर्षी दिवाळीचा माल उतरत होता. ते कार्ड खणातच राहिले.

सन २०१६ मध्ये एका रात्री बाहेरच्या कुत्र्याशी त्याची झटापट झाली. कानाला लहानशी जखम झाली, चार दिवसांत भरली आणि आम्ही ती विसरलो. साधारण दोन महिन्यांनी तो सुस्त झाला. कापडाच्या गठ्ठ्यांमागे अंधारात जाऊन बसू लागला. आवाज घोगरा झाला. मग खालचा जबडा लोंबू लागला, लाळ गळू लागली आणि पाणी गिळता येईना. मला वाटले, घशात काही अडकले असेल. मी त्याचे तोंड उघडले आणि आत बोटे घालून चाचपून पाहिले. त्याच सकाळी कापड कापताना माझ्या अंगठ्याला कात्रीची चीर पडली होती. आदल्या दिवशी माझ्या चार वर्षांच्या नातवाचा खरचटलेला हात मोतीने चाटला होता.

पशुवैद्य आले. त्यांनी लांबूनच पाहिले आणि पहिला प्रश्न विचारला, "शेठजी, तोंडात हात घातलात का?" त्या प्रश्नाचे उत्तर देताना माझ्या पायाखालची जमीन सरकली.

पिसाळलेला कुत्रा म्हणजे धावत सुटणारा, दिसेल त्याला चावणारा, अशीच माझी समजूत होती. रेबीजचा दुसरा प्रकारही असतो, त्यात जनावर आक्रमक न होता लुळे पडत जाते, जबडा लोंबतो आणि गिळणे बंद होते, हे मला त्या दिवशी कळले. घशात काही अडकले असे समजून तोंडात हात घालण्याची चूक अनेक घरांत होते, असे डॉक्टरांनी सांगितले. तिसऱ्या दिवशी मोती गेला. त्याच्या अंगावरून शेवटचा हात फिरविणेही मला शक्य नव्हते.

मला आणि नातवाला लातूरच्या सरकारी रुग्णालयात नेले. जखम पुन्हा साबणाने धुतली, जखमेत आणि भोवती सीरम टोचले आणि लस सुरू केली. शून्याव्या, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी अशी पाच इंजेक्शने झाली. सुनेने मला एक शब्दही बोलून दाखविला नाही. ती फक्त भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करीत होती. ते मौन मला फार जड गेले. आज नातू शाळेत जातो, मी आपल्यासमोर उभा आहे, ही त्या लशीची कृपा. पण मोतीला वाचविणारी सुई मी चुकविली होती. तिची किंमत माझ्या दुकानातल्या एका साध्या शर्टपीसपेक्षा अधिक नव्हती.

तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना प्राणघाताच्याही आधी प्रमादाचा उल्लेख येतो. प्रमाद म्हणजे बेसावधपणा. मी मोतीला कधी काठी मारली नाही, कधी उपाशी ठेवले नाही. तरीही माझ्या बेसावधपणाने त्याचा जीव गेला. हा हिशेब माझ्या नावावर आहे आणि तो मी कोणाच्या नावावर टाकू शकत नाही.

आता या रोगाविषयी थोडे, साध्या शब्दांत. रेबीज हा विषाणूचा रोग आहे. तो रोगी जनावराच्या लाळेतून चाव्यावाटे, ओरखड्यावाटे किंवा उघड्या जखमेवर चाटण्यावाटे शिरतो आणि मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे सरकतो. लक्षणे दिसायला बहुधा एक ते तीन महिने लागतात, कधी कमी, कधी अधिक. हाच काळ आपल्या हाती असतो. लक्षणे एकदा सुरू झाली की, मग माणूस असो वा जनावर, मृत्यू जवळजवळ अटळ असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ५९,००० माणसे या रोगाने मरतात. माणसाला होणाऱ्या रेबीजपैकी ९९ टक्के कुत्र्यांमार्फत येतो, आणि बळी पडणाऱ्यांत मुलांचे प्रमाण मोठे आहे. मूल कुत्र्याच्या उंचीचे असते, त्याच्या गळ्यात पडते आणि ओरखडा आला तर मार मिळेल म्हणून घरी सांगत नाही.

या अटळ मृत्यूवर पहिला विजय मिळविला तो फ्रान्सच्या लुई पाश्चर यांनी. ६ जुलै १८८५ रोजी जोसेफ मायस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला त्यांनी लस टोचण्यास प्रारंभ केला. मुलगा वाचला आणि पुढे पाश्चर यांच्याच संस्थेत नोकरीस राहिला. आपल्या देशात १९०० साली कसौली येथे पाश्चर इन्स्टिट्यूट सुरू झाली. तेथे डेव्हिड सेंपल यांनी १९११ मध्ये मेंढीच्या मेंदूपासून लस तयार केली. माझ्या वयाच्या मंडळींना बेंबीभोवतीची ती चौदा इंजेक्शने आठवत असतील. त्या धाकापोटी कित्येकांनी दवाखान्याची पायरी चढली नाही आणि मांत्रिकाकडे जाऊन जीव गमावला. २००४ च्या अखेरीस भारतात त्या लशीचे उत्पादन बंद झाले. आजची लस दंडावर दिली जाते, ती सुरक्षित आहे आणि सरकारी रुग्णालयांत मिळते. चौदा सुयांचे भय आता मनातून काढून टाकावे.

यानंतर मी एका जुन्या वादाकडे वळतो, कारण तो आपल्या समाजाशी आणि माझ्या धंद्याशीही निगडित आहे. अहमदाबादच्या कॅलिको मिलचे कापड माझ्या वडिलांच्या दुकानात विकले जाई. त्या मिलचे मालक अंबालाल साराभाई जैन कुळातले. १९२६ साली त्यांच्या गिरणीच्या आवारात फिरणाऱ्या सुमारे साठ कुत्र्यांपासून पिसाळाचा धोका निर्माण झाला आणि त्यांनी ती मारविली. शहरात मोठा क्षोभ झाला. साराभाईंनी गांधीजींचे मत विचारले, तेव्हा दुसरा उपाय नव्हता असे गांधीजी म्हणाले. मग टीकेचा रोख गांधीजींकडे वळला आणि 'यंग इंडिया' व 'नवजीवन' मधून त्यांनी त्यावर लेखमाला लिहिली. त्यांचे एक म्हणणे असे होते की, बेवारस कुत्र्याला तुकडा टाकणे आणि त्याची जबाबदारी मात्र न घेणे ही खरी दया नव्हे.

कुत्री मारण्याचे समर्थन माझ्या मनाला आजही पटत नाही. पण गांधीजींचा तो बोल मला टोचतो, कारण मोतीच्या बाबतीत मी तेच केले. तुकडा दिला, जबाबदारी टाळली. शंभर वर्षांपूर्वी अहमदाबादच्या महाजनांपुढे दोनच वाटा दिसत होत्या. कुत्री मारावीत की माणसे मरू द्यावीत? आपल्यापुढे तिसरी वाट आहे आणि ती लशीची आहे. लहानपणी गावोगावी कुत्र्यांना विषाचे गोळे घातलेले मी पाहिले आहेत. ते घालणारी माणसे दुष्ट नव्हती, ती घाबरलेली होती. भीती माणसाला क्रूर करते. लस ती भीतीच काढून टाकते, म्हणून मी तिला अभयदान म्हणतो. कुत्र्याला रोगापासून अभय, माणसाला कुत्र्यापासून अभय आणि कुत्र्याला माणसापासून अभय.

हे केवळ बोलण्यापुरते नाही. आपल्या शेजारच्या गोव्याने ते करून दाखविले आहे. तेथे २०१४ पासून मिशन रेबीज या संस्थेने राज्य सरकारच्या सहकार्याने दरवर्षी गल्लोगल्ली फिरून कुत्र्यांना लस दिली, शाळाशाळांतून मुलांना माहिती दिली आणि संशयित जनावराची खबर घेण्याची व्यवस्था उभी केली. २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाला. या कामाचे सूत्र साधे आहे. परिसरातील किमान ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली, तर रोगाची साखळी तुटते. देशानेही २०२१ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर करून २०३० पर्यंत कुत्र्यांमार्फत होणाऱ्या रेबीजचे उच्चाटन करण्याचे ध्येय ठेवले आहे. ते ध्येय दिल्लीत नव्हे, आपल्या गल्लीत पूर्ण व्हायचे आहे.

मग आपण नेमके काय करावे? आपल्या शास्त्राने अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. पाळीव प्राण्याच्या मालकाला याहून चांगली नियमावली सापडणार नाही. दिवसभर आखूड साखळीने बांधून ठेवणे हा बंध. राग आला की काठी उचलणे हा वध. शोभेसाठी शेपूट किंवा कान कापणे हा छेद. त्याच्या ताकदीपलीकडे काम घेणे हे अतिभारारोपण. गावाला जाताना त्याच्या अन्नपाण्याची सोय न करणे हा अन्नपाननिरोध. या पाचांपासून दूर राहावे आणि त्याबरोबर लशीची वेळ सांभाळावी.

पिल्लू तीन महिन्यांचे झाले की रेबीजची पहिली लस, मग पशुवैद्य सांगतील त्या वेळी दुसरी मात्रा आणि त्यानंतर दरवर्षी एक. मांजर पाळले असेल तर त्यालाही. घराबाहेर जात नाही म्हणून लस नको, असे समजू नये. लस दिलेल्या कुत्र्याला अनोळखी जनावर चावले तरीही पशुवैद्यांना दाखवावे. २०२३ च्या केंद्रीय नियमांनुसार पाळीव जनावराच्या लसीकरणाची जबाबदारी मालकाची आहे. आपल्या जिल्ह्यात उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे आणि सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने आहेत. सल्ल्यासाठी फार दूर जावे लागत नाही.

आणि कुत्रा चावलाच तर? प्रथम वाहत्या पाण्याखाली साबण लावून जखम पंधरा मिनिटे धुवावी. घड्याळ लावून पंधरा मिनिटे. तिखट, चुना, हळद, रॉकेल, तंबाखू काहीही भरू नये, घट्ट पट्टी बांधू नये. त्याच दिवशी दवाखान्यात जावे. जखम रक्ताळलेली असेल तर लशीबरोबर सीरमही लागते, याची डॉक्टरांना आठवण द्यावी. कुत्रा घरचा असला तरी जावे. दहा दिवस त्याच्यावर लक्ष ठेवावे, पण दहा दिवस वाट पाहून लस सुरू करू नये. सर्व मात्रा पूर्ण कराव्यात. मुलांना आवर्जून सांगावे की, ओरखडा आला तर घरी सांगायचे, कोणी रागावणार नाही.

बंधू-भगिनींनो, आपल्याकडे आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान अशी चार दाने सांगितली आहेत. आपल्या माता-भगिनी रोज पहिली पोळी बाजूला काढून दारातल्या कुत्र्याला घालतात. हे आहारदान पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे आणि ते चालतच राहो. पण औषधदान मागे पडले आहे. लशीच्या एका सुईत औषधदान आणि अभयदान दोन्ही साधतात. मुलांना ही माहिती सांगितली की ज्ञानदानही पदरी पडते.

सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने विश्वस्त मंडळापुढे माझी एक नम्र सूचना आहे. २८ सप्टेंबर हा लुई पाश्चर यांचा स्मृतिदिन जगभर रेबीज दिन म्हणून पाळला जातो. पर्युषणानंतर क्षमायाचनेचा भाव मनात ताजा असतो, त्याच सुमारास हा दिवस येतो. ट्रस्टने दरवर्षी त्या दिवशी पशुवैद्यांच्या मदतीने गावातील पाळीव आणि गल्लीतील कुत्र्यांसाठी लसीकरण शिबिर भरवावे. पहिल्या वर्षीच्या लशींचा खर्च मी माझ्या दुकानातर्फे देण्याचा संकल्प या व्यासपीठावरून सोडतो. ते दान समजू नये. ती मोतीची थकलेली बाकी आहे.

दुसरी विनंती माझ्या व्यापारी बांधवांना. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आपण नव्या वहीची पूजा करतो. त्या वहीच्या पहिल्या पानावर, शुभ-लाभाच्या खाली, दारातल्या कुत्र्याच्या पुढच्या लशीची तारीख लिहावी. माझ्या दुकानात गेली काही वर्षे ही प्रथा आहे. हल्ली ओट्यावर मोतीच्या जागी दुसरी एक जण बसते. तिचे नाव नातवाने ठेवले आहे आणि तिच्या लशीच्या तारखेची आठवणही तोच मला करून देतो. तिचे कार्ड आता गल्ल्याच्या खणात नसते, समोर भिंतीवर टांगलेले असते.

माझ्या बोलण्यात काही अधिक-उणे झाले असल्यास उदार मनाने क्षमा करावी. 

जय जिनेंद्र!